उभी बाटली, आडवी बाटली आणि मधली मोकळी जागा

गेल्या अंकात परमिट रूमच्या वेळांविषयी एका वाचकाला दोन ओळींचे उत्तर दिले होते. त्या दोन ओळींनी कोणाचेच समाधान झाले नाही, हे नंतर आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यावरून कळले. म्हणून या वेळी संपूर्ण सदर दारू आणि करमणुकीच्या परवान्यांसाठी राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमधील एका शहरात राहतो. तेथील कौन्सिलचे एक पत्र त्याच्या घरी आले. दारू आणि करमणुकीच्या परवान्यांबाबतचे धोरण नव्याने ठरवायचे असून रहिवाशांनी आपले म्हणणे अमुक तारखेपर्यंत कळवावे, असे त्यात लिहिले होते. तो तेथे भाडेकरू आहे, तरी त्याला विचारले. मी जुळे सोलापुरात तीस वर्षे घरपट्टी भरतो. मला महापालिकेने असे कधीच विचारले नाही. का?
(एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

उत्तर : ज्या कामाची मुखत्यारीच महापालिकेकडे नाही, त्याबद्दल ती आपणास विचारणार कशी? पण एवढ्याने आपले समाधान व्हायचे नाही. म्हणून आधी आपल्या चिरंजीवांच्या हाती पडलेले ते पत्र नेमके कशाचे होते, ते पाहू.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा परवाना कायदा आहे आणि तो नोव्हेंबर 2005 पासून पूर्णपणे अमलात आला. त्याआधी दारूचे परवाने तेथील मॅजिस्ट्रेट देत असत. नव्या कायद्याने ते काम निवडून आलेल्या स्थानिक कौन्सिलकडे दिले, आणि दारूविक्री, नाटक, सिनेमा, गाणेबजावणे, नाच, इतकेच नव्हे तर रात्री अकरानंतर गरम खाद्यपदार्थ विकणे, हे सारे एकाच कायद्याच्या छत्राखाली आणले. हा अधिकार देताना कौन्सिलवर एक बंधनही घातले. आपण परवाने कोणत्या विचाराने देणार, याचे लेखी धोरण प्रत्येक कौन्सिलने प्रसिद्ध करायचे आणि ठरावीक मुदतीच्या आत ते पुन्हा तपासायचे. ही मुदत आरंभी तीन वर्षांची होती. 2011 च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली.

तपासणी म्हणजे जुन्या मसुद्यावर नवी तारीख टाकणे नव्हे. पोलीस, अग्निशमन दल, सार्वजनिक आरोग्याचा अधिकारी, परवानाधारकांचे प्रतिनिधी, इतर व्यावसायिक आणि रहिवासी या सर्वांचे म्हणणे मागवणे कायद्याने बंधनकारक आहे. आलेल्या सूचनांचा विचार करून सुधारलेले धोरण शेवटी संपूर्ण कौन्सिलच्या सभेपुढे ठेवावे लागते. ते एखाद्या समितीवर सोपवून मोकळे होता येत नाही. एकेका दुकानाचे किंवा पबचे अर्ज मात्र 10 ते 15 सदस्यांची परवाना समिती, तिची उपसमिती किंवा अधिकारी हाताळतात.

या धोरणात काय बोलता येते आणि काय नाही, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायद्याने चारच उद्दिष्टे सांगितली आहेत : गुन्हे व बेशिस्त रोखणे, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांना हानीपासून जपणे. लोकांचे आरोग्य हे पाचवे उद्दिष्ट स्कॉटलंडच्या वेगळ्या कायद्यात आहे, इंग्लंडच्या नाही. त्यामुळे दारू वाईट म्हणून हा पब नको, अशी हरकत तेथे टिकत नाही. या पबच्या मागच्या दारातून मध्यरात्री बाहेर पडणारी गर्दी माझ्या खिडकीखाली उभी राहून भांडते, ही हरकत मात्र टिकते, आणि तिच्यावर तोडगा म्हणून ते मागचे दार अकरानंतर बंद ठेवण्याची अट परवान्यात लिहिली जाऊ शकते. एखाद्या रस्त्यावर पबांची दाटी झाली असेल, तर त्या सर्वांचा मिळून होणारा परिणाम अभ्यासून, येथे नव्या परवान्याला सहसा मान्यता मिळणार नाही, असे कौन्सिल जाहीर करू शकते. परंतु ते जाहीर केल्यावर दर तीन वर्षांच्या आत त्याचे पुरावे पुन्हा तपासावे लागतात.

त्या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. धोरण कितीही कडक असले तरी प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवरच पाहावा लागतो, आणि 28 दिवसांच्या मुदतीत कोणाचीच हरकत आली नाही तर परवाना द्यावाच लागतो. शेजारी झोपलेला असेल तर कायदाही झोपतो. शिवाय तेथे जागेच्या परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण नसते. वार्षिक शुल्क भरत राहिले की तो चालू राहतो. याच्या बदल्यात कोणत्याही रहिवाशाला केव्हाही त्या एका परवान्याच्या फेरविचाराचा अर्ज करता येतो, आणि समिती सुनावणी घेऊन वेळ कमी करू शकते, संगीत थांबवू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करू शकते किंवा रद्दही करू शकते. निर्णय पटला नाही, तर 21 दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अपील.

आता सोलापुरात या. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत मादक पेये हा विषय आठव्या क्रमांकावर आहे, म्हणजे तो राज्याचा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी बारावी अनुसूची आणली, तिच्यातील 18 विषयांत नगररचना आहे, अग्निशमन आहे, कत्तलखान्यांचे नियमन आहे, स्मशानभूमीसुद्धा आहे, दारू नाही. महाराष्ट्रात हा कारभार 1949 च्या दारूबंदी अधिनियमाने चालतो. नाव दारूबंदीचे, आणि काम बहुतांशी परवान्यांचे. हे नुसते नावातले विनोद नव्हेत. त्या कायद्याची मांडणीच अशी आहे, की सर्व काही निषिद्ध आणि परवाना हा अपवाद. म्हणूनच विकणाऱ्याला अनुज्ञप्ती (म्हणजे विक्रीचा परवाना) लागते आणि पिणाऱ्यालाही परमिट लागते. बिअर आणि वाइनसाठी वय 21, कडक दारूसाठी 25.

इंग्लंडचा कायदा उलट्या टोकाने निघतो : धंदा वैध आहे, शेजाऱ्याला त्याचा जाच होऊ नये. तो जाच कसा मोजायचा आणि कसा आवरायचा, याचीच चर्चा दर पाच वर्षांनी होते. आपल्याकडे दारूविषयी बोलायचे म्हणजे ती असावी की नसावी, एवढेच बोलायचे, अशी सवय कायद्यालाही आहे आणि आपल्यालाही. सोलापूरला तर या सवयीचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. मे 1930 मध्ये या शहरात शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला, त्यातून गोळीबार झाला, खवळलेल्या गिरणी कामगारांनी दारूची दुकाने पेटवली आणि पुढे मार्शल लॉ आला. त्या काळी दुकान सरकारचे आणि सरकार परके, म्हणून विरोध हाच एक मार्ग होता. आज दुकान कोठे असावे, केव्हा बंद व्हावे, त्याच्या दारातल्या गर्दीचे काय करावे, हे प्रश्न आहेत, आणि त्यांवर शहराने एकत्र बसून बोलावे अशी कोणतीही ठरावीक जागा आपल्या व्यवस्थेत नाही. आपला मुलगा भाडेकरू असूनही त्याला विचारले गेले, याचे आपल्याला जे वाटले, ते मलाही वाटते.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाळ्यात परमिट रूम होणार असल्याची चर्चा आहे. नगरसेवकांकडे गेलो, तर आमच्या हातात काही नाही म्हणाले. पोलीस ठाण्यात गेलो, तर उत्पादन शुल्क खात्याकडे जा म्हणाले. नक्की कोणाच्या हातात काय असते?
(एक गृहिणी, विजापूर रोड)

उत्तर : नगरसेवक अर्धे खरे बोलले. परमिट रूम, बिअर शॉपी, देशी दारूचे दुकान यांच्या अनुज्ञप्तीचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होतो आणि त्यासाठीची तपासणी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे निरीक्षक व अधीक्षक करतात. जागेपासून शाळा, धार्मिक स्थळ, एस.टी. स्थानक किती अंतरावर आहे, याची मोजणी त्या अहवालात असते. आपली हरकत जायला हवी ती येथे, आणि निर्णय होण्यापूर्वी. अर्ज आल्याची चर्चा कानावर येताच अधीक्षक कार्यालयात लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, आणि माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर त्या जागेचा अंतराचा नकाशा आणि निरीक्षकांचा अहवाल मागावा. शाळेचे फाटक आणि गाळ्याचे दार यांतील अंतर कोठून कोठे मोजले, यावर अनेक प्रकरणे फिरली आहेत. गाळा एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत असेल, तर संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय नवे दुकान होणार नाही, असे मार्च 2025 मध्ये विधानसभेत सरकारतर्फे सांगण्यात आले आहे. आपल्या हरकतीत त्याचा उल्लेख अवश्य करावा.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वाइन शॉपचे नवे परवाने राज्यात 1970 च्या दशकापासून दिले जात नाहीत. तरीही नव्या वसाहतीत नवे कोरे वाइन शॉप उघडलेले दिसते, ते बहुधा जुन्या अनुज्ञप्तीचे स्थलांतर असते. पेठेतले दुकान होटगी रोडला जाते, इतकेच. म्हणून चौकशी करताना नवा परवाना दिला का, एवढेच विचारून थांबू नये. स्थलांतराचा अर्ज आहे का, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाला नाही असे खरे उत्तर मिळते आणि आपण निर्धास्त घरी येतो.

नगरसेवकांच्या म्हणण्यातील उरलेला अर्धा भाग असा. गाळ्याचा मंजूर वापर काय आहे, समोरची पार्किंगची जागा पत्रे टाकून बंद केली आहे का, गच्चीवर विनापरवाना बांधकाम आहे का, हे सारे महापालिकेच्या नगररचना आणि बांधकाम परवाना विभागाच्या अखत्यारीत येते. अग्निसुरक्षा तर पूर्णपणे तिच्याच अग्निशमन विभागाची. 2006 च्या राज्य कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावयाचे असते. मुंबईत कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर आग लागून 14 जण दगावले, तेव्हा चर्चा झाली ती दारूच्या परवान्याची नव्हे, अडवलेल्या वाटांची आणि बेकायदा बांधकामांची. तेव्हा आपल्या नगरसेवकांना पुन्हा भेटा, मात्र दारूचा विषय न काढता पार्किंगचा, वापराचा आणि जिन्याचा विषय काढा.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बहुतेक बाया विडी वळतात. घराजवळच्या देशी दारूच्या दुकानाने आमच्या वस्तीची रया गेली आहे. आडवी बाटली करायची म्हणजे काय करायचे? आणि दुकान बंद झाले तर हातभट्टी वाढते, असे काही पुरुष मंडळी म्हणतात, ते खरे का?
(पूर्व भागातील एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा)

उत्तर : ताई, आपल्या हाती असलेले हे साधन खरोखर मोठे आहे, पण ते जड आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

राज्य सरकारच्या मार्च 2008 च्या आदेशानुसार गावातील किंवा शहरातील वॉर्डातील दारूची अनुज्ञप्ती महिलांच्या मतदानाने बंद करता येते. त्यासाठी वॉर्डातील किमान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचे निवेदन द्यावे लागते. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान होते; मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षर न वाचणाऱ्या बाईलाही समजेल अशी ही चिन्हे ज्याने सुचवली, त्याला माणसांची पारख असली पाहिजे. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद.

यातील एकूण हा शब्द नीट लक्षात घ्या. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून अधिक नव्हे, तर यादीत नाव असलेल्या सर्वांच्या. समजा, वॉर्डात 14,000 महिला मतदार आहेत. मग निवेदनावर 3,500 सह्या हव्यात आणि आडव्या बाटलीला 7,001 मते हवीत. जी बाई त्या दिवशी माहेरी गेली, जी कामावरून सुटली नाही, जी वारली पण यादीतून नाव निघाले नाही, ती प्रत्येक जण हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आठशे मतदारांच्या गावात हे गणित जमते, आणि राज्यात अनेक गावांनी ते जमवून दाखवले आहे. चार सदस्यांच्या पसरट शहरी प्रभागात, जेथे दुकानाचा त्रास दोन गल्ल्यांना आणि मतदार याद्या पन्नास गल्ल्यांच्या, तेथे ते फार अवघड होते. हा या आदेशाचा दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या उंबऱ्याशी दुकान आहे त्यांच्या मताला वेगळे वजन हवे होते.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी उत्पादन शुल्क अधीक्षकांकडून त्या आदेशाची पुढील दुरुस्त्यांसह प्रत आणि आपल्या दुकानासाठी कोणता वॉर्ड धरला जाईल याचे लेखी उत्तर घ्या. सह्या गोळा करताना प्रत्येकीचा यादीतील अनुक्रमांक सहीसमोर लिहा; पडताळणीत सह्या बाद होतात त्या बहुधा याच कारणाने, आणि पंचवीस टक्के काठावर गाठले असतील तर सगळा डाव तेथेच मोडतो. मतदानाची तारीख विडी कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी मागा. हे मागण्यात काही गैर नाही.

हातभट्टीबद्दल सांगायचे तर, मंडळींच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही, पण ते दुकान चालू ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. परवाना असलेले दुकान बंद करण्याचा आदेश आणि विनापरवाना भट्टी उद्ध्वस्त करण्याची कारवाई ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला मतदान लागत नाही. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे छापे पडत राहिले आणि भट्ट्या पुन्हा पेटत राहिल्या. 2021 मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू झाले. त्यात छाप्यांच्या जोडीला तांडे दत्तक घेऊन, भट्टी सोडणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्यावर भर होता. आपल्या वस्तीच्या बाबतीत दुकानाविरुद्धचे निवेदन देताना भट्टीची माहिती त्याच दिवशी पोलिसांनाही लेखी द्यावी, म्हणजे उद्या कोणी आपल्यालाच बोल लावणार नाही.

प्रश्न : महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे ना? मग पुणे–हैदराबाद रस्त्यालगत शहरात दुकाने चालू कशी?
(एक वाहनचालक)

उत्तर : निकाल 15 डिसेंबर 2016 चा आहे आणि तो 1 एप्रिल 2017 पासून लागू झाला, हे बरोबर. 31 मार्च 2017 रोजी न्यायालयाने 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर 220 मीटर केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, नगरपालिका व महापालिकांच्या हद्दीतील परवान्यांना हा निर्बंध आड येत नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे शहराच्या हद्दीत दुकाने राहिली. हद्दीबाहेरच्या धाब्यावर टेबलाखालून मिळणारी दारू हा अंतराचा प्रश्नच नाही. तेथे परवानाच नसतो आणि दारूबंदी अधिनियमाखाली धाबामालकावर तसेच तेथे बसून पिणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो.

प्रश्न : घराच्या एका बाजूला लग्नाचे लॉन आणि दुसऱ्या बाजूला ऑर्केस्ट्रा असलेला बार. रात्री अकरापर्यंत लॉनवर डीजे आणि त्यानंतर बारचा बास भिंतीतून छातीत उतरतो. वृद्ध आई हृदयरोगी आहे. तक्रार केली की गाडी येते, आवाज कमी होतो, गाडी गेली की वाढतो. दारूच्या परवान्यातून हे थांबवता येईल का?
(एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : दारूच्या परवान्यातून नव्हे, करमणुकीच्या आणि आवाजाच्या नियमांतून येईल. आपल्याकडे हे तिन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत असतात. दारूची अनुज्ञप्ती उत्पादन शुल्काच्या, करमणुकीच्या जागेचा व कार्यक्रमाचा परवाना पोलीस आयुक्तांच्या (आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, म्हणजे जिल्ह्यातील कला केंद्रे वगैरेंसाठी, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या), आणि इमारत महापालिकेच्या. इंग्लंडच्या कायद्याने यांतली पहिली दोन कपाटे एकत्र केली, असे वर म्हटले ते याचसाठी.

आवाजाचे नियम सन 2000 चे आहेत आणि ते पुरेसे स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात 65 आणि 55. रात्र म्हणजे दहा ते सहा. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावताच येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, सण-उत्सवांसाठी, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. लग्न हा त्या 15 दिवसांतला सण नव्हे. लॉन उघडे आहे, म्हणून तेथील डीजे दहाला बंद व्हायलाच हवा. अकरापर्यंत चालतो असे आपण लिहिता, तेव्हा एक तास तो रोज बेकायदा चालतो.

बारचे प्रकरण थोडे निराळे. बंदिस्त सभागृहात दहानंतर संगीत चालू शकते. पण खाजगी जागेच्या हद्दीवर त्यातून बाहेर येणारा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलने जास्त असता कामा नये. छातीत उतरणारा बास म्हणजे बंदिस्तपणा नावापुरता आहे. तेव्हा आपल्या तक्रारीत, खूप आवाज येतो, एवढेच लिहून न थांबता, अमुक तारखेला अमुक वाजता माझ्या हद्दीवर ध्वनिमापकाने मोजणी करून पंचनामा करावा, अशी मागणी लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 च्या निकालात पोलिसांकडे ध्वनिमापक यंत्रे असावीत आणि तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये, असे आदेश दिले आहेत. गाडी येते आणि जाते, त्याची नोंद राहत नाही; मोजणीचा कागद राहतो. असे दोन-तीन कागद जमले, की ते जोडून करमणुकीचा परवाना निलंबित करण्याची मागणी पोलीस आयुक्तांकडे आणि त्याची प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्यावी. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो; आधी रीतसर केलेल्या अर्जाचे उत्तर आले नसेल, तर तेथे जाता येते.

ऑर्केस्ट्रा म्हणजे डान्स बार नव्हे, हेही येथे सांगून टाकतो, कारण दोन पत्रांत त्यांची गल्लत होती. डान्स बारसाठी 2016 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यातील शाळा-मंदिरापासून एक किलोमीटर अंतराची आणि आत सीसीटीव्ही लावण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये रद्द केली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि नोटा उधळण्यावरील बंदी मात्र कायम ठेवली. ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर प्रत्यक्षात नाच चालत असेल, तर ती वेगळी आणि अधिक गंभीर तक्रार आहे. आईच्या झोपेसाठी मात्र आवाजाचाच कागद पुढे करा. तो सिद्ध करायला सोपा आहे.

प्रश्न : मी परमिट रूम चालवतो. शुल्क वेळेवर भरतो, वेळ पाळतो. तरी गल्लीत काहीही झाले की बोट आमच्याकडे. आपल्या सदरात आमची बाजू कधी येते?
(एक अनुज्ञप्तीधारक)

उत्तर : आज येते. आपल्यासारख्यांची अनुज्ञप्ती 31 मार्चला संपते आणि दरवर्षी नव्याने शुल्क भरून चालू ठेवावी लागते. ते शुल्क शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते, म्हणून सोलापुरात जे भरावे लागते ते शेजारच्या तालुक्याच्या गावी लागत नाही. विक्रीकर आणि शुल्क यांच्या वाढीविरुद्ध जुलै 2025 मध्ये राज्यभर परमिट रूम एक दिवस बंद राहिल्या, हे वाचकांना आठवत असेल. परंतु माझ्या मते आपली खरी अडचण शुल्काची नाही. नूतनीकरण हा आपल्याकडे पैसे भरण्याचा दिवस झाला आहे. त्या दिवशी शेजाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून त्याचे गाऱ्हाणे साठत जाते आणि एक दिवस आडव्या बाटलीच्या निवेदनावरच्या सहीतून बाहेर पडते. इंग्लंडमधल्या पबवाल्याला शेजारी वेळ अर्ध्या तासाने कमी करायला लावतो. येथे आपला शेजारी आपले दुकानच बंद करू पाहतो, कारण त्याच्या हाती कायद्याने दिलेले दुसरे काही नाही. प्रामाणिक आणि अप्रामाणिक दुकानदार दोघेही त्या एकाच तराजूत तोलले जातात, ही आपली तक्रार मला रास्त वाटते.

सरकार नियम बदलेल तेव्हा बदलो. तोवर आपल्याला दोन गोष्टी करता येतील. नूतनीकरणाच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीत, गल्लीतील रहिवाशांना दुपारी एकदा चहाला बोलवा आणि दुचाक्या कोठे लागतात, बाटल्यांचा कचरा किती वाजता बाहेर काढला जातो, दारात उभे राहून सिगारेट ओढणारे किती वेळ थांबतात, एवढेच तीन विषय काढा. जे ठरेल ते कागदावर लिहून दुकानात लावा. दुसरी गोष्ट महापालिकेशी संबंधित आहे. राज्यातील महापालिका कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे; ती सभा बोलावण्याची मागणी रहिवाशांनी आणि आपण मिळून केली, तर दारूच्या परवान्यावर तिचा अधिकार चालणार नाही, पण पार्किंग, पथदिवे, कचरा आणि गटार यांवर तेथे बोलता येते, आणि आपल्या दुकानाविषयीच्या निम्म्या तक्रारी, पत्रांवरून मला दिसते त्याप्रमाणे, याच चार गोष्टींच्या आहेत. अशी सभा झाली, तर तिचा कार्यवृत्तान्त आमच्याकडे पाठवा; पुढच्या अंकात जागा ठेवतो.